वळण आणि शिक्षा : साष्टींतील शाळांच्या इतिहासाचें एक दुर्लक्षित अंग

(१)

मोडी कागद वाचण्याची संवय असलेल्या वाचकांस ‘वळण’ हा शब्द नवा नाहीं. कागदावर मितीचा उल्लेख नसला, तरी अक्षराच्या वळणावरून तो कोणत्या काळचा, चिटणिशी हातचा कीं बिवलकरी, याचा अदमास आपण करतों. तोच शब्द आपल्या घरांत निराळ्या अर्थानें वावरत असतो. मुलास वळण लावावें, अमक्याच्या मुलांस वळण नाहीं, असें आपण सहज बोलतों. कित्ता गिरवून गिरवून बोरू धरणाऱ्या हातास जसें वळण पडतें, तसेंच नित्य सरावानें वागणुकीसहि पडतें, ही समजूत या एका शब्दांत सांठविलेली आहे.

दुसरा शब्द ‘शिक्षा’. संस्कृतांत त्याचा अर्थ शिकणें व शिकविणें. सहा वेदांगांत वर्णोच्चाराच्या शास्त्रास हेंच नांव आहे. मराठींत मात्र शिक्षा म्हणजे दंड. मोल्सवर्थच्या कोशांत शिकविणें व शासन करणें हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाखालीं नांदत आहेत. आज त्यांतील पहिला अर्थ लोकांच्या बोलण्यांतून गेला आणि दुसरा तेवढा राहिला. शिकविण्याची क्रिया दाखविणारा शब्दच मार देण्याचा शब्द व्हावा, ही गोष्ट केवळ व्याकरणाची नाहीं. तिच्यामागें शाळेचा इतिहास आहे.

मुलाचें वर्तन पालटावें म्हणून आपल्या प्रांतांत कोणकोणतीं साधनें वापरलीं गेलीं, त्यांपासून खरोखर कोणाचें वर्तन पालटलें, आणि याचा पुरावा कोणत्या कागदांत सांपडतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय मोठा आहे. यासाठीं आम्हीं आरंभ एका लहान गांवापासून केला आहे.

(२)

वेसाव्याच्या धक्क्यावरून तरींत बसलें, कीं खाडीच्या पलीकडे मढ लागतें. मालाडकडून मार्व्यावरून गाडीवाटेनेंहि तेथें जातां येतें. इतिहासाची आवड असणारे गृहस्थ मढला जातात ते किल्ला पाहावयास. पोर्तुगीजांनीं बांधलेला हा किल्ला वर्सोव्याचा किल्ला या नांवानें कागदोपत्रीं येतो. साष्टीच्या मोहिमेस सन १७३७ मध्यें आरंभ झाला आणि सन १७३९ मध्यें हा किल्ला मराठ्यांच्या हातीं आला. पुढें सन १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाणें घेतलें व सन १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांजकडे कायम झाली. सांप्रत किल्ला वायुदलाच्या ताब्यांत असून बाहेरून दिसेल तेवढाच पाहावा लागतो.

किल्ल्याचा इतिहास लिहिण्यास साधनें पुष्कळ आहेत. परंतु त्याच्या छायेंत जीं मुलें वाढलीं, त्यांस कोणी, काय व कसें शिकविलें, हें विचारूं लागल्यास साधनें एकाएकीं आटतात. जवळच एरंगळ येथें समुद्रकांठीं संत बोनाव्हेंतुर याचें देऊळ आहे. तें सन १५७५ च्या सुमाराचें मानितात. बोनाव्हेंतुर हा फ्रान्सिस्कन पंथाचा साधु. त्याच पंथाच्या पाद्री आंतोनियो दो पोर्तो यानें बोरिवलीजवळ मंडपेश्वराच्या लेण्यांशीं मठ व नव्यानें बाटलेल्यांच्या मुलांसाठीं विद्यालय स्थापिलें होतें. म्हणजे सोळाव्या शतकांतच या बेटावर मुलांस घरापासून वेगळें काढून, त्यांची प्रार्थना, पोषाख, खाणेंपिणें व नांव हीं सर्व बदलून टाकण्याचा मोठा प्रयोग झाला. त्या मठाच्या इमारतीचे अवशेष उरले आहेत. मुलांच्या मनाचे उरले नाहींत.

मढ हें मुख्यतः कोळ्यांचें व जुन्या ख्रिस्ती कुळांचें गांव. येथील पुष्कळ मासेमारी डोलीची. डोल हें खुंटांस बांधलेलें पिशवीसारखें जाळें; भरतीओहोटीच्या ओढीनें मासळी त्यांत शिरते. यामुळें उधाणाचे दिवस कामाचे व भांगाचे दिवस सैलाव्याचे, असा या वस्तीचा पंधरवड्याचा हिशेब चंद्राच्या कलेप्रमाणें चालतो. बोंबील बांबूंच्या मांडवांवर वाळत घालावयाचे, ते काढावयाचे, पावसाळ्यांत होड्या वर ओढावयाच्या, नारळी पौर्णिमेस समुद्र पुजावयाचा, ही त्यांची वार्षिक दिनचर्या. शाळेची घंटा मात्र घड्याळाप्रमाणें वाजते. ज्या दिवशीं उधाण असेल त्या दिवशीं मूल शाळेंत नसलें, तर हजेरीच्या पटावर त्याच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण पडते. ती खूण पाहणारा अधिकारी तिचा अर्थ आळस असा करतो. एकाच खुणेचे हे दोन अर्थ वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. लेखाच्या शेवटीं आम्हांस त्यांकडे परत यावयाचें आहे.

(३)

इंग्रजी अंमल बसला तेव्हां आपल्या गांवोगांवीं पंतोजींच्या शाळा होत्या. मुंबईच्या गव्हर्नराच्या कौन्सिलांतील प्रेंडरगास्ट यानें सन १८२१ मध्यें असें लिहून ठेविलें आहे, कीं या मुलुखांत लहान वा मोठें गांव असें क्वचितच असेल कीं जेथें निदान एक शाळा नाहीं. या विधानांत अतिशयोक्ति किती व सत्य किती याविषयीं पुढें मोठा वाद झाला. हार्टोग यांनीं सन १९३९ मध्यें अशा विधानांवर शंका घेतली, तर रा. वि. परुळेकर यांनीं जुन्या दप्तरांतील आंकडे पुढें मांडून जुन्या शाळांची बाजू सांवरली. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. सन १८२४ च्या मार्च महिन्यांत मुंबई सरकारनें कलेक्टरांकडून शाळांची माहिती मागविली, आणि सन १८२९ पर्यंत जो मेळ बसला, त्यांत या इलाख्यांत १,७०५ शाळा व सुमारें ३५ हजार मुलें असल्याचें दिसून आलें. शाळा किती, मुलें किती, पंतोजीस काय मिळतें, हें या कागदांत आहे. त्या शाळांत मूल कसें वागे, त्यास कसें वागविलें जाई, हें आंकड्यांत कोठून असणार?

तें कळण्यास आठवणींच्या वाङ्मयाकडे जावें लागतें. दादोबा पांडुरंग यांचें आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांनीं सन १९४७ मध्यें प्रसिद्ध केलें. अशा लेखांतून व वृद्धांच्या सांगण्यांतून पंतोजींच्या शाळेचें चित्र उभें राहतें. धुळाक्षरें गिरवावयाचीं, मग बोरू हातांत यावयाचा; पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकावयाची; सायंकाळीं सर्वांनीं मिळून परवचा म्हणावयाचा. वडील मुलांनीं धाकट्यांस सांगावयाचें. चुकलें तर छडी, कान पिळणें, अंगठे धरून ओणवें उभें करणें. मूल मुद्दाम चुकलें, कीं न समजल्यामुळें चुकलें, कीं उपाशी असल्यामुळें, याचा विचार करण्याची रीत नव्हती. दंड चुकीस होता, कारणास नव्हता.

परंतु आपल्या परंपरेंत वर्तन पालटण्याची छडी हीच एक वाट होती, असें म्हणणें अन्यायाचें होईल. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीं समर्थांनीं लेखनक्रियेचें निरूपण केलें आहे. अक्षर कसें असावें, ओळी कशा असाव्या, येथपासून तें सुरू होतें. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या दशकांत मूर्खाचीं व पढतमूर्खाचीं लक्षणें आहेत. तेथें दंडाचें नांव नाहीं. वाचणाऱ्यानें एकेक लक्षण आपल्या अंगाशीं ताडून पाहावें आणि जें जुळेल तें सोडावें, अशी ती योजना आहे. अक्षराचें वळण व आचरणाचें वळण हीं एकाच पोथींत यावीं, आणि दोहोंतहि मनुष्यानें स्वतःस तपासावें अशी अपेक्षा असावी, हें पोथ्या गोळा करणाऱ्यांनीं लक्षांत घेण्याजोगें आहे.

(४)

सन १८२० नंतर मुंबईंत जी शाळापुस्तक मंडळी निघाली व पुढें नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून प्रसिद्धीस आली, तिनें सन १८२३ मध्यें देशी शाळांतील उणीवा मोजल्या : पुस्तकें नाहींत, शिकविण्याची सुलभ रीति नाहीं, लायक शिक्षक नाहींत आणि पैसा नाहीं. गव्हर्नर एल्फिन्स्टन यानें याच सुमारास शिक्षणावर आपला प्रसिद्ध अभिप्राय लिहिला. सोसायटीनें जी सुलभ रीति निवडली ती लँकेस्टरची.

या रीतीचा प्रवास चमत्कारिक आहे. अँड्रू बेल हा सन १७८९ पासून मद्रासेस सैनिकांच्या मुलांच्या आश्रमावर अधिकारी होता. तेथें देशी शाळेंतील मुलें वाळूंत बोटानें अक्षरें काढतात हें त्यानें पाहिलें. ही रीत त्यानें आपल्या आश्रमांत आणिली आणि वडील मुलाकडून धाकट्यांस शिकविण्याची पद्धति बसविली. सन १७९७ मध्यें लंडनांत त्यानें या प्रयोगावर पुस्तक छापलें. इकडे लँकेस्टरनें सन १७९८ मध्यें आपली शाळा काढून हीच पद्धति स्वतंत्रपणें वाढविली. म्हणजे आपल्याकडील धुळाक्षरें विलायतेस गेलीं आणि पंचवीस वर्षांनीं ‘नवी रीत’ होऊन मुंबईच्या बंदरांत परत उतरलीं!

लँकेस्टर छडीच्या विरुद्ध होता. परंतु छडी काढली तरी शिक्षा राहिली. अपराधी मुलाच्या गळ्यांत लांकडाचा ठोकळा अडकविणें, त्यास टोपलींत बसवून छपरास टांगणें, अशा लाजेच्या शिक्षा त्यानें काढल्या. दुसऱ्या बाजूस चिठ्ठ्या व बक्षिसें यांचा बाजार मांडिला. वर्गांत ज्याचा क्रमांक वर, त्यास चिठ्ठी. चिठ्ठ्या सांठल्या कीं वस्तु. मुलाचा क्रम क्षणोक्षणीं बदले, म्हणून त्याचें लक्षहि क्षणोक्षणीं जागें राही. हें साधन स्वस्त होतें, एका शिक्षकानें शेंकडों मुलें सांभाळावीं अशी त्याची रचना होती, आणि आज आपल्या शाळांत जो पहिला-दुसरा नंबर, बक्षीस समारंभ व वर्गांतला ‘मॉनिटर’ आहे, त्यांत या रीतीचा वारसा स्पष्ट दिसतो.

छडी व बक्षीस यांपैकीं कोणतें अधिक फळतें, हा प्रश्न पुढें शास्त्रीय प्रयोगांचा विषय झाला. अमेरिकेंत थॉर्नडाइक याचें प्रथम मत असें होतें, कीं सुख मिळालें तर क्रिया दृढ होते आणि दुःख मिळालें तर ती पुसली जाते. परंतु मनुष्यांवर केलेल्या प्रयोगांनंतर सन १९३२ मध्यें त्यानें यांतील दुसरा भाग मागें घेतला. दुःखानें क्रिया पुसली जातेच असें नाहीं, हें त्यास मान्य करावें लागलें. हर्लॉक बाईनें सन १९२५ मध्यें १०६ मुलांस चार गटांत विभागून पांच दिवस बेरजा घातल्या. एका गटाची सर्वांसमक्ष प्रशंसा केली, दुसऱ्यास रागें भरलें, तिसऱ्याकडे, तो त्याच खोलींत बसला असतां, दुर्लक्ष केलें. चवथा गट वेगळा ठेविला. प्रशंसेचा गट शेवटपर्यंत सुधारत गेला. रागाचा परिणाम आरंभीं दिसला व लवकरच ओसरला. दुर्लक्षित गट रागें भरलेल्यांच्याहि मागें राहिला. वर्गांतील शेवटच्या बांकावरील मुलाचा इतिहास या तिसऱ्या गटांत आला आहे.

मात्र बक्षिसाचीहि कसोटी लागली. सन १९७३ मध्यें लेपर, ग्रीन व निस्बेट यांनीं स्टॅनफर्ड येथील बालशाळेंत, चित्रें काढण्याची स्वभावतःच आवड असलेलीं मुलें निवडलीं. कांहींस आधीं सांगितलें, कीं चित्र काढल्यास मानपत्र मिळेल. कांहींस न सांगतां तें दिलें. कांहींस कांहींच दिलें नाहीं. पुढें मोकळ्या वेळीं पाहतां, आधीं ठरवून मानपत्र दिलेलीं मुलें इतरांच्या सुमारें निम्माच वेळ चित्रांत रमलीं. जें आवडीनें चालत होतें तें मोबदल्यासाठीं झालें, आणि मोबदला संपतांच आवडहि संपली. लँकेस्टरच्या चिठ्ठ्यांवर दीडशें वर्षांनीं झालेली ही टीका म्हणतां येईल.

(५)

वुडच्या सन १८५४ च्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यांत सन १८५५ मध्यें शिक्षणखातें उभें राहिलें. तपासणीस आले, हजेरीचे पट आले, वार्षिक परीक्षा आली. विलायतेंत सन १८६२ मध्यें मुलांच्या निकालावरून शाळेस पैसा देण्याची पद्धति सुरू झाली होती; तिचें अनुकरण येथील अनुदानाच्या नियमांत होऊन, किती मुलें कोणत्या विषयांत उतरलीं यावर शाळेचा पैसा ठरूं लागला.

या पद्धतीनें वर्तन पालटलें यांत संशय नाहीं. फक्त तें मुलांचें पालटण्याऐवजीं शिक्षकांचें पालटलें. ज्या मुलाची उतरण्याची खात्री नाहीं त्याजकडे वेळ कशास घालवावा? तपासणीसाच्या भेटीपूर्वीं पाठांतर वाढवावें, हजेरी भरून काढावी, इकडे लक्ष गेलें. बक्षीस ज्याच्या हातीं पडतें त्याचें वर्तन बदलतें. आणि येथें बक्षीस शिक्षकाच्या हातीं पडत होतें.

या काळींच दुसरी बाजू जोतीराव फुले यांनीं मांडिली. सन १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं वयाच्या निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें असें सांगितलें, आणि शिक्षक शेतकरी वर्गांतून यावे व त्यांस पुरेसें वेतन असावें असें सुचविलें. गरीबाचें मूल शाळेंत येत नाहीं याचें कारण मुलाच्या स्वभावांत शोधण्यापेक्षां घरच्या दारिद्र्यांत व शिक्षकाच्या परकेपणांत शोधावें, हा त्या निवेदनाचा रोख आहे. दंड चुकीस कीं कारणास, हा पंतोजीच्या शाळेंतील प्रश्न येथें प्रथमच सरकारी दप्तरांत शिरला, असें आम्हांस वाटतें.

(६)

शाळेच्या बाहेर जीं मुलें होतीं, त्यांचा वृत्तांत निराळा आहे. सन १८५० च्या १९ व्या कायद्यानें दहा ते अठरा वर्षांच्या निराधार वा अपराधी मुलांस मॅजिस्ट्रेटानें उमेदवार म्हणून धंद्यास लावण्याची सोय केली. त्याच वर्षीं डॉ. बुइस्ट यानें मुंबईंत उद्योगशाळा काढली, आणि सन १८५७ मध्यें डेव्हिड ससून यांच्या साह्यानें तिचें सुधारगृह झालें. तुरुंगाऐवजीं सुतारकाम, लोहारकाम देऊन मुलास सुधारावें, हा त्यामागील विचार. तो दयेचा होता. तथापि मुलास काय झालें आहे हें विचारण्यापूर्वींच त्यास काय करावयाचें तें ठरलेलें असे.

येथें पालट झाला तो विसाव्या शतकांत. शिकागो येथें हीली यानें सन १९०९ पासून न्यायालयांत आलेल्या मुलांचा एकेकट्याचा तपास सुरू केला. घर, आजार, झोंप, शाळा, सोबती, सर्व लिहून काढावयाचें आणि मग मत द्यावयाचें, अशी त्याची रीत. मुंबई इलाख्यांत सन १९२४ मध्यें मुलांचा कायदा झाला, सन १९२७ मध्यें चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली, आणि उपनगरांत मानखुर्द येथें मुलांचें वसतिस्थान चालूं लागलें. सन १९३६ मध्यें नागपाड्यास सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघालें. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे पहिले संचालक. सन १९३७ मध्यें त्या विद्यालयानें मुलांसाठीं मार्गदर्शन चिकित्सालय उघडलें. हिंदुस्थानांतील अशा प्रकारचें हें पहिलें मानितात. हीच संस्था सन १९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या नांवानें ओळखली जाते व सन १९५४ मध्यें ती देवनारास गेली.

अशा चिकित्सालयांत वैद्य, मानसशास्त्रज्ञ व घरीं जाऊन विचारपूस करणारा समाजसेवक असे तिघे मिळून काम करीत. मूल चोरी करतें, शाळा चुकवितें, अंथरूण ओलें करतें, अशी तक्रार घेऊन पालक येत. आणि तपासाअंतीं पुष्कळदां सल्ला मुलाऐवजीं पालकास किंवा शिक्षकास द्यावा लागे. याच मार्गानें पुढें धंदेमार्गदर्शनाच्या कचेऱ्या निघाल्या : मुंबईंत सन १९४१ मध्यें बाटलीबॉय यांच्या नांवाची, सन १९४७ मध्यें पारशी पंचायतीची आणि सन १९५० मध्यें सरकारची. अमेरिकेंत कार्ल रॉजर्स यानें मुलांच्या चिकित्सालयांत बारा वर्षें घालविल्यावर सन १९४२ मध्यें असें प्रतिपादन केलें, कीं सल्ला देण्यापेक्षां ऐकून घेणें व त्या मनुष्याकडूनच त्याचा मार्ग निघूं देणें हें अधिक टिकतें. मराठींत यास ‘समुपदेशन’ हा शब्द रूढ झाला. उपदेश एकजण करतो व दुसरा ऐकतो. ‘सम्’ या उपसर्गानें त्यांत दोघांचें एकत्र येणें सूचित झालें, असा अर्थ आम्ही लावतों.

(७)

या साऱ्या प्रयोगांत आम्हांस सर्वांत बोलका वाटतो तो साष्टीच्या उत्तरेस, याच किनाऱ्यावर झालेला. गिजुभाई बधेका यांनीं भावनगर येथें सन १९२० मध्यें बालमंदिर काढलें. तेथें दंड नाहीं व बक्षीसहि नाहीं असा नियम होता. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं सन १९३६ मध्यें दादरास शिशुविहार चालू केला, आणि सन १९४५ मध्यें त्या बोर्डी या गांवीं गेल्या. अनुताई वाघ तेथेंच त्यांस येऊन मिळाल्या. सन १९५७ मध्यें हें काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासींच्या वस्तींत गेलें.

तेथें आलेली अडचण मढच्या अडचणीची सख्खी बहीण आहे. वारल्यांचीं मुलें शाळेंत येत ना. तीं गुरें राखीत. गुरें सोडून शाळेंत बसलीं तर घरचें काम अडे. म्हणून एरवीं त्यांच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण पडली असती आणि पालकांस शिक्षणाची गोडी नाहीं असा शेरा लिहिला गेला असता. ताराबाईंनीं उलट केलें. मूल शाळेंत येत नाहीं, तर शाळा मुलाकडे न्यावी. गुरें चरतात त्या कुरणांत शिक्षक गेला, ती कुरणशाळा. लहानांसाठीं पाड्यांतल्या अंगणांत बालवाडी भरली, ती अंगणवाडी. हेंच नांव पुढें सन १९७५ च्या बालविकास योजनेंत देशभर गेलें.

आतां हिशेब मांडावा. छडीनें मुलाचें शरीर ओणवें झालें. चिठ्ठीनें मुलाचा क्रमांक बदलला. अनुदानानें शिक्षक बदलला. चिकित्सालयानें विचारणाऱ्याची दृष्टि बदलली. कुरणशाळेनें शाळाच बदलली, आणि मुलें आलीं. जेथें मुलांचें वर्तन टिकाऊपणें पालटलेलें दिसतें, तेथें तें पालटूं इच्छिणारांनीं प्रथम कारण लिहून काढलें होतें आणि मग स्वतःचें वळण बदललें होतें. सन २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. शिक्षा या शब्दाचा मराठींतला अर्थ कायद्यानें शाळेबाहेर काढला. संस्कृतांतला अर्थ आंत आणण्याचें काम कायद्याचें नव्हे.

(८)

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. आपण सनदा, महजर, बखरी व वंशावळी जपतों. पण वरील इतिहास ज्या कागदांत आहे ते कागद कोणी कागद मानीत नाहीं. हजेरीचे पट, तपासणीसाचें शेरेबुक, दाखलखारिजाचें पुस्तक, शिक्षकानें लिहिलेली रोजनिशी, मुलांच्या कित्त्यांच्या वह्या, हीं शाळेच्या कपाटांत वाळवीच्या स्वाधीन असतात. या किनाऱ्यावरील एका शाळेंत आम्हीं जुनें शेरेबुक पाहावयास मागितलें. इमारतीची दुरुस्ती निघाली त्या वर्षीं सारें रद्दींत वजनावर गेलें, असें उत्तर मिळालें. उत्तर देणाऱ्या गृहस्थांचा आम्हांस राग आला नाहीं. त्या वह्यांस किंमत आहे असें आपण इतिहासवाल्यांनीं तरी त्यांस कधीं सांगितलें होतें?

कल्पना करावी, कीं मढसारख्या गांवचा पन्नास वर्षांचा हजेरीपट हातीं आहे. पंचांग शेजारीं घेऊन बसलें, तर गैरहजेरीच्या खुणा उधाणाच्या तिथींवर पडतात कीं नाहीं, हें एका दुपारीं ठरेल. पडत असतील, तर आळसाचा आरोप खोटा ठरेल, आणि ज्या मुलांनीं तो आयुष्यभर वाहिला त्यांच्या नांवांवरचा डाग पुसला जाईल. न पडत असतील, तर दुसरें कारण शोधावें लागेल. दोन्हीकडून ज्ञानच मिळेल. परंतु पट हातीं पाहिजे.

याबरोबर एक सावधगिरीचा शब्दहि सांगणें प्राप्त आहे. सुधारगृहांतील व चिकित्सालयांतील एकेका मुलाच्या हकीकतीचे कागद या वर्गांत मोडत नाहींत. त्यांत मुलाची चोरी, घरांतील कलह, आईचें दुःख लिहिलेलें असतें, तें त्या मुलाचें आहे. सन २०१५ च्या बालन्यायाच्या कायद्याच्या ७४ व्या कलमानें अशा मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. असा कागद बाजारांत विकावयास आला, तर तो घेऊन आपल्या संग्रहांत लावणें ही संशोधकाची हौस न ठरतां त्या मुलास दुसऱ्यांदा केलेली शिक्षा ठरेल. तो ज्या संस्थेचा असेल तिकडे परत जावा.

शाळांचीं जुनीं दप्तरें मात्र ज्यांस मिळतील त्यांनीं रद्दीवाल्याच्या आधीं गांठावीं, निदान त्यांची नक्कल तरी करून घ्यावी, आणि कोणत्या गांवचें, कोणत्या सालचें दप्तर कोठें आहे त्याची यादी मंडळाकडे धाडावी. मढचा किल्ला आणखी कांहीं शतकें उभा राहील. हजेरीचा पट इतके दिवस टिकणार नाहीं.